प्रतिस्पर्ध्याची साइट वर का दिसते: प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

काम एका वाक्यात आलं: "त्यांची साइट आपल्या वर का येते ते शोधून काढा." ग्राहक शिलाई मशीनचे सुटे भाग ऑनलाइन विकतो आणि त्याच साइटवर बिघाड-दुरुस्तीची माहिती देतो. प्रतिस्पर्धीही तेच करतो. या नोंदींत त्यांना नुसतं ‘ते’ म्हणेन, आणि ग्राहकाच्या साइटला ‘आपली’.

प्रश्न असाच ठेवला तर उत्तर मिळणार नाही. गूगलच्या निकालांत साइट वर येत नाही, पान वर येतं, आणि तेही कुठल्यातरी एका शोधापुरतं. त्यामुळे प्रश्न असा करून घेतला: कोणत्या शोधाला, त्यांचं कोणतं पान, आपल्या कोणत्या पानाच्या वर आहे? दुकानाच्या मालकांना हा कीस काढल्यासारखा वाटला. पण यापुढे प्रत्येक शंका या तीन रकान्यांत बसली तरच ती तपासायची, असं ठरवून घेतलं.

मालकांची पहिली शंका फोनवरच आली: "अहो, ते गूगलला पैसे देत असणार." जाहिराती निकालांत ‘प्रायोजित’ अशी खूण लावून वेगळ्या दाखवल्या जातात आणि जाहिरातीवर खर्च केल्याने खालच्या निकालांतली जागा सुधारत नाही, असं गूगल वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. तरीही खात्री करून घेतली. ज्या शोधांबद्दल तक्रार आहे, तिथे त्यांची एकही जाहिरात दिसली नाही.

सर्च कन्सोलचा (आपली साइट गूगलच्या निकालांत कशी दिसते ते सांगणारं गूगलचं साधन) प्रवेश मागितला आहे. तिथे सोळा महिन्यांपर्यंतची आकडेवारी असते, एवढी पुरेल.

५ ऑगस्ट

प्रवेश मिळाला. शोधांचे तीन ढीग केले. पहिला नावाने होणाऱ्या शोधांचा, म्हणजे आपलं किंवा त्यांचं नाव टाकून केलेले. हे बाजूला काढले; त्यांचं नाव टाकणाऱ्याला ते दिसणारच. दुसरा ढीग खरेदीचा: भागाचा क्रमांक, मशीनचं मॉडेल, सुयांचं पाकीट. तिसरा बिघाडांचा: ‘खालून दोऱ्याचा गुंता होतो’, ‘टाके सुटतात’, ‘सुई सारखी मोडते’, ‘बॉबिन कोणती बसेल’ (बॉबिन म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ).

ढीग वेगळे होताच चित्र बदललं. भागाच्या क्रमांकाने शोधलं तर आपण त्यांच्या बरोबरीने, काही ठिकाणी वरही आहोत. नावाच्या शोधांत ज्याची त्याची जागा ठरलेली. सगळं रडगाणं तिसऱ्या ढिगाचं आहे. ‘त्यांची साइट वर असते’ याचा अर्थ एवढाच की बिघाडाच्या प्रश्नांना त्यांची पानं वर आहेत.

एक सावधगिरी इथेच लिहून ठेवतो. फार थोड्या लोकांनी केलेले शोध सर्च कन्सोल खासगीपणाच्या कारणाने दाखवत नाही, आणि पडद्यावरच्या तक्त्यात हजारच ओळी मिळतात. त्यामुळे शोधांच्या ओळींची बेरीज आणि वरचा एकूण आकडा जुळत नाही. बिघाडांच्या ढिगाला हे जास्त लागू पडतं, कारण तिथे प्रत्येक जण आपापल्या शब्दांत विचारतो.

जागा हाताने तपासताना खासगी विंडो, खात्यातून बाहेर, एकच ठिकाण आणि फोन. फोन अशासाठी की गूगल पानांची नोंद मोबाइल आवृत्तीवरून करतं. २०१६ मध्ये जाहीर झालेला हा बदल २०२३ मध्ये पूर्ण झाला. मालक रोज स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या खात्यातून शोधून पाहतात आणि अस्वस्थ होतात. त्यांना ते बंद करायची विनंती केली. ते बंद करणार नाहीत.

७ ऑगस्ट

तांत्रिक झडती. रोबोट्स फाइलमध्ये (गूगलने कोणती पानं वाचू नयेत ते सांगणारी फाइल) कामाचं काही अडवलेलं नाही. महत्त्वाच्या पानांवर नोइंडेक्स (पान नोंदू नका अशी खूण) नाही. कॅनॉनिकल (सारख्या पानांपैकी मुख्य कोणतं ते सांगणारी खूण) जिथल्या तिथे. तिसऱ्या ढिगाशी संबंधित सगळी पानं सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत (एकेका पत्त्याची तपासणी) ‘गूगलवर आहे’ अशी दिसतात. म्हणजे दार बंद आहे असं नाही.

रंग, आकार, किंमत असे फिल्टर लावले की नवनवे पत्ते तयार होतात, आणि ते ‘क्रॉल केलं, सध्या अनुक्रमित नाही’ (गूगलने वाचलं, पण नोंदलं नाही) या यादीत साचले आहेत. यादी लांबलचक असल्याने डेव्हलपर घाबरला. हे कधीतरी झाडावं लागेल, पण आजच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. फिल्टरचं पान नोंदलं गेलं नाही म्हणून गुंत्याचं पान खाली जात नाही. तांत्रिक झडतीत नेहमीच काही ना काही सापडतं, आणि जे सापडलं तेच कारण असणार असं वाटू लागतं.

डेव्हलपरने त्यांच्या पानाचा सोर्स उघडून मेटा कीवर्डची (कोडमध्ये लपलेल्या शोधशब्दांची) भलीमोठी ओळ दाखवली आणि आपणही टाकूया म्हणाला. वेब शोधाच्या क्रमवारीत आपण तो टॅग वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे. ती ओळ त्यांच्या जुन्या साच्यात राहून गेली असेल. प्रतिस्पर्ध्याच्या पानावर दिसणारी प्रत्येक गोष्ट त्याच्या यशाचं कारण नसते. काही गोष्टी असूनही तो वर असतो.

११ ऑगस्ट

आज वेग. सर्वांचा लाडका संशयित, कारण त्याला आकडा असतो आणि आकड्याला रंग असतो.

लाइटहाऊस या पानांचा वेग तपासणाऱ्या साधनात दोन्हीकडची पानं चालवली. आपली पानं त्यांच्यापेक्षा चांगली निघाली. पण लाइटहाऊस ही प्रयोगशाळेतली एक फेरी. खऱ्या वापरकर्त्यांच्या क्रोममधून गोळा होणारी मोजमापं वेगळी, ती मागच्या अठ्ठावीस दिवसांची असतात, आणि पंच्याहत्तराव्या पर्सेंटाइलला, म्हणजे चारपैकी निदान तीन भेटींत, पान कसं वागतं ते पाहिलं जातं. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, स्पर्शाला दोनशे मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, मांडणीच्या हिसक्यांचा आकडा ०.१ च्या आत राहावा. प्रतिसादाचं हे माप, आयएनपी, मार्च २०२४ मध्ये एफआयडी या जुन्या मापाच्या जागी आलं.

ही आकडेवारी सार्वजनिक असल्यामुळे प्रतिस्पर्ध्याचीही पाहता येते. पुरेशी वर्दळ नसलेल्या पानाची स्वतंत्र मिळत नाही, तेव्हा सबंध साइटची घ्यावी लागते. तिथेही आपण तिन्ही मापांत बसतो. त्यांची पानं मुख्य मजकूर दाखवायला अडीच सेकंदांहून जास्त वेळ घेतात.

म्हणजे ते आपल्यापेक्षा संथ असूनही वर आहेत. वेग यादीतून काढला. मालकांनी नवं होस्टिंग घ्यायचं ठरवत आणलं होतं, ते थांबवलं. आजच्या दिवसाचं काम एवढ्यानेच वसूल झालं.

१३ ऑगस्ट

दुवे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँक या क्रमवारीच्या पद्धतीपासून एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा ही शिफारस मानली जाते. आज ती अनेक खुणांपैकी एक आहे, पण निकामी झालेली नाही.

दुसऱ्याच्या साइटचे दुवे सर्च कन्सोल दाखवत नाही, त्यासाठी बाहेरची साधनं घ्यावी लागतात. तिथे पहिल्यांदा भेटतो तो ‘डोमेन ऑथॉरिटी’चा आकडा. त्यांचा आपल्यापेक्षा जास्त आहे. मालकांनी तो लगेच टिपून घेतला. हा आकडा मॉझ या कंपनीचा अंदाज आहे, गूगल तो वापरत नाही. एक ते शंभरची ही पट्टी लॉगॅरिदमिक असल्याने वर चढताना प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा जड होत जाते. तो आकडा वाढवणं हे या प्रकल्पाचं उद्दिष्ट नाही, असं ठळक लिहून पाठवलं.

मी दुवे संपूर्ण साइटचे न पाहता पानागणिक पाहिले. त्यांच्या बहुतेक बिघाड-पानांना बाहेरून फारसं कोणी जोडलेलं नाही. एकच पान वेगळं आहे: बॉबिनचा तक्ता. शिवणकामाच्या अभ्यासक्रमांच्या टिपणांतून, शिकवणाऱ्यांच्या पानांतून, प्रश्नोत्तरांतून त्याला दुवे आलेले दिसतात. पान पाहिल्यावर कारण कळतं. क्लास १५ आणि क्लास ६६ या बॉबिन दिसायला जवळजवळ सारख्या असतात. पहिलीच्या बाजू सपाट, दुसरीच्या किंचित फुगीर. चुकीची घातली तरी केसमध्ये (बॉबिनच्या डबीत) जाते आणि मग टाका बिघडतो. त्यांनी दोन्हींची खऱ्या मापाची आकृती दिली आहे. कागदावर छापा, आपली बॉबिन त्यावर ठेवा, काम झालं. असं पान कुणीही दुसऱ्याला पाठवतं.

वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारी साइट) त्यांच्या पानाच्या जुन्या प्रती पाहिल्या. पत्ता वर्षानुवर्षं तोच आहे, मजकूर हळूहळू वाढला आहे. मग आपल्या साइटच्या जुन्या प्रती उघडल्या. आपल्याकडेही बॉबिनचं बऱ्यापैकी पान होतं. मध्यंतरी साइट नव्याने बांधली, पत्ते बदलले आणि जुन्या पत्त्यांवरून नव्यांकडे कोणी वाट ठेवली नाही. आपल्याला आलेले जुने दुवे आजही ४०४ वर (‘पान सापडत नाही’) जाऊन आपटतात. आपले दुवे मुळातच त्यांच्यापेक्षा कमी होते, त्यातले जुने असे वाया गेले. हा पहिला पक्का धागा.

१८ ऑगस्ट

आज एकही साधन उघडलं नाही. एक मशीन मागवून टेबलावर ठेवलं, वरचा दोरा मुद्दाम चुकीचा ओवला, खाली यथास्थित गुंता करून घेतला, आणि फोनवर ‘शिलाई मशीन खालून दोऱ्याचा गुंता’ शोधलं.

त्यांचं पान आधी उघडलं. पहिल्याच परिच्छेदात होतं: गुंता खाली दिसत असला तरी दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो, प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर उचला, दोरा पूर्ण काढा, पुन्हा ओवा. का, तेही एका ओळीत. फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मध्ये न बसता वरून सरकतो, त्याला ताण मिळत नाही आणि खाली सैल फेरे साचतात. एवढं करूनही गुंता राहिला तर पुढे काय पाहायचं, ते क्रमाने दिलं होतं: बॉबिन उलटी आहे का, केसमध्ये धाग्याचा तुकडा अडकला आहे का, सुई बोथट झाली आहे का. हुकचं टायमिंग (सुई आणि हुक यांच्या हालचालींचा मेळ) सगळ्यात शेवटी, आणि तिथे स्पष्ट सल्ला की हे घरी करू नका, कारागिराकडे न्या. फोटो त्यांचे स्वतःचे, थोडे अंधारे, एका फोटोत बोटाला तेल लागलेलं. पण दोरा चकत्यांमध्ये बसलेला आणि न बसलेला असे दोन फोटो शेजारी शेजारी होते. मला तेच हवं होतं. माझा गुंता दुसऱ्या परिच्छेदाआधी सुटला.

मग आपलं पान. मथळा: ‘साहाय्य केंद्र’. सुरुवातीला शिलाई मशीनची निगा का महत्त्वाची यावर दोन परिच्छेद. त्याखाली उत्पादकाकडून मिळालेला चकचकीत फोटो, मशीन बंद अवस्थेत. त्याखाली आडव्या टॅब: ‘दोरा’, ‘सुई’, ‘बॉबिन’, ‘इतर’. ‘दोरा’वर बोट ठेवलं की चाक फिरतं आणि मग मजकूर येतो. मजकूर वाईट नाही. उलट टायमिंगबद्दल आपण त्यांच्यापेक्षा नेमकं लिहिलं आहे. पण तिथे पोहोचेपर्यंत माणूस परत गेलेला असतो.

मशीन बाजूला सारलं आणि ते फिरणारं चाक तपासलं. टॅबचा मजकूर पानासोबत येतच नाही. बोट लागल्यावर सर्व्हरकडून मागवला जातो. गूगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) जावास्क्रिप्ट चालवतो, २०१९ पासून ताज्या क्रोमियमवर (क्रोम ब्राउझरचा गाभा) चालवतो, पण तो टॅबवर बोट ठेवत नाही. मजकूर एचटीएमएलमध्ये (पानाच्या मूळ कोडमध्ये) असून नुसता झाकलेला असता तर चाललं असतं. यूआरएल तपासणीत रेंडर झालेलं, म्हणजे गूगलला अखेर दिसतं ते, एचटीएमएल काढलं आणि त्यात ‘चकती’ हा शब्द शोधला. नाही. ‘गुंता’? तोही नाही. गूगलच्या लेखी आपलं हे पान म्हणजे निगा महत्त्वाची असल्याचे दोन परिच्छेद आणि चार टॅबची नावं.

शिवाय ही चारही उत्तरं एकाच पत्त्यावर, एकाच मथळ्याखाली. गुंत्याचा शोध घेणाऱ्यापुढे ठेवायला आपल्याकडे गुंत्याचं असं पानच नाही. ‘त्यांचं पान आपल्या पानाच्या वर’ ही तुलना इथे लागूच होत नाही.

१९ ऑगस्ट

संपादक मॅडमशी बोलणं. कालचं ऐकून त्यांनी प्रत्येक पान दोन हजार शब्दांचं करायचं सुचवलं, कुठेतरी तसा नियम वाचला म्हणे. असा नियम नाही. शब्दसंख्येचं कोणतंही लक्ष्य ठेवू नका, असं गूगलच सांगतं. ‘सुई कोणत्या बाजूने बसवायची’ याला त्यांचं वर येणारं पान इतकं छोटं आहे की फोनवर दोनदा सरकवलं की संपतं. गुंत्याचं पान लांब आहे कारण गुंत्याला कारणं अनेक. लांबी प्रश्नाने ठरवावी.

दुसरा मुद्दा त्यांनी बरोबर काढला. आपल्या पानांवर लिहिणाऱ्याचं नाव नाही. गूगलच्या गुणवत्ता परीक्षकांच्या (निकालांचा दर्जा तपासणाऱ्या माणसांच्या) मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२ मध्ये तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हतेच्या जोडीला अनुभव आला. परीक्षकांच्या गुणांनी एखाद्या पानाची जागा थेट बदलत नाही, त्यामुळे नाव लिहिलं की पान वर जाईल असं कुणाला सांगणार नाही. पण ग्राहकाच्या कार्यशाळेत रोज मशीन उघडणारा कारागीर बसतो आणि पानांवर त्याचा मागमूस नाही, हे वाचणाऱ्याच्या दृष्टीनेही विचित्रच.

२५ ऑगस्ट

मालकांचा प्रस्ताव: सगळ्या कर्मचाऱ्यांनी रोज शोधायचं, त्यांचं पान सोडायचं आणि आपल्यावर क्लिक करायचं.

क्लिकना काही अर्थ नाही असं म्हणता येणार नाही. अमेरिकेतल्या मक्तेदारीविरोधी खटल्यात २०२३ मध्ये गूगलच्या पांडू नायक यांनी साक्षीत ‘नॅव्हबूस्ट’ या प्रणालीबद्दल सांगितलं, आणि ती वापरकर्त्यांच्या क्लिकमधूनच शिकते. पण तो मोठ्या लोकसंख्येच्या सवयींचा साठा असतो. एका कचेरीतले मूठभर लोक त्यात बुडून जातात, किंवा गाळले जातात. शिवाय आपलीच आकडेवारी गढूळ होते, आणि पुढच्या बदलाचा परिणाम मोजायला आपल्याकडे तेवढीच एक फूटपट्टी आहे. नको म्हटलं. नाराज झाले.

२७ ऑगस्ट

काल गूगलने स्पॅम अपडेट (फसव्या युक्त्या वापरणाऱ्या पानांविरुद्धचा बदल) सुरू केल्याचं जाहीर केलं. काही आठवडे चालेल म्हणतात. या काळात वरखाली झालं तर ते आपल्या कामामुळे की गूगलच्या, हे सांगता येणार नाही. काम थांबवायचं नाही, निष्कर्ष थांबवायचे.

तरीही निवाडा करता यावा म्हणून बिघाडांच्या विषयांतले काही जसेच्या तसे ठेवतो. टॅबमध्येच, जुन्या मथळ्यासकट. बाकीचे बदलतो. दोन्ही गट एकत्र हलले तर कारण बाहेरचं. बदललेलेच हलले तर आपलं. मालकांना ‘खराब आहे ते मुद्दाम खराब का ठेवायचं’ हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ गेला.

२ सप्टेंबर

जुन्या पत्त्यांचे रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्याकडे वळवणं. सर्व्हरच्या नोंदी, वेबॅकमधली यादी आणि दुव्यांच्या साधनातून आलेली यादी एकत्र केली. डेव्हलपरचा सोपा उपाय होता: सगळे जुने पत्ते मुख्यपानाकडे वळवू. तसं केलं तर गूगल त्यांना बहुधा ‘सॉफ्ट ४०४’ (पान नसल्यातच जमा) धरतं, आणि बॉबिनचा तक्ता शोधत आलेला माणूसही मुख्यपानावर उभा राहून करणार काय? प्रत्येक जुन्या पानाला त्याच विषयाचं नवं पान दिलं, ३०१ ने (पत्ता कायमचा बदलल्याचा संकेत). जिथे जोड नाही तिथे ४०४ तसंच ठेवलं. हे रीडायरेक्ट निदान वर्षभर काढायचे नाहीत अशी गूगलचीच शिफारस आहे. मी कायमचे ठेवा म्हणून लिहून दिलं.

८ सप्टेंबर

लेखन चालू. मालकांचा निरोप: "त्यांचाच मजकूर घ्या आणि शब्द बदला, लवकर होईल." चोरीचा प्रश्न सोडूनही त्यात अर्थ नाही. तेच सांगणारं आणखी एक पान कुणाला कशाला हवं?

त्याऐवजी कारागिराजवळ बसलो. तो बोलतो, मी लिहितो, मॅडम नीट करतात. त्याच्या बोलण्यात त्यांच्या पानांवर नसलेल्या कितीतरी गोष्टी निघाल्या. टाके सुटतात म्हणून येणाऱ्या मशीनला तो आधी हातच लावत नाही. कापड दाखवा म्हणतो. ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कापडावर साधी टोकदार सुई लावली की टाके सुटणारच, तिथे गोल टोकाची सुई लागते. मशीनचा दोष नसतोच. सुईवरच्या ९०/१४ या आकड्याचा अर्थही त्याने चिमटीत सुई धरून सांगितला: ९० म्हणजे पात्याची जाडी ०.९ मिलिमीटर, १४ ही त्याच जाडीची दुसरी मोजणी. ‘टाके सुटतात’ हे पान आता ‘कोणत्या कापडावर?’ या प्रश्नाने सुरू होतं.

टॅब गेले. एका बिघाडाला एक पान, मजकूर थेट एचटीएमएलमध्ये, मथळ्यात बिघाड लोक म्हणतात त्याच शब्दांत. फोटो कार्यशाळेतच काढले.

डेव्हलपरने ‘कृती’चा स्ट्रक्चर्ड डेटा (पानावर काय आहे ते गूगलला सांगणारा कोड) टाकू का विचारलं. त्यातून निकालांत दिसणाऱ्या पायऱ्या गूगलने २०२३ मध्येच बंद केल्या. नको.

१६ सप्टेंबर

सकाळी मालकांचा फोन: "इम्प्रेशन कोसळली!" पाठोपाठ दुसरा: "पण सरासरी स्थान एकदम सुधारलंय!" एकाच सकाळी शोक आणि पेढे.

इम्प्रेशन म्हणजे आपलं पान निकालांत किती वेळा दिसलं. दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि दोन्हींचा आपल्या कामाशी संबंध दिसत नाही. या महिन्यात गूगलने पत्त्यात ‘नम’ (num) लिहून एका पानावर शंभर निकाल मागवायची सोय काम करेनाशी केली. जागा मोजणारी बाहेरची यंत्रं तिच्यावर चालायची. ती यंत्रं साठाव्या-सत्तराव्या जागेवरचं आपलं पानही ‘पाहून’ जायची आणि ते इम्प्रेशनमध्ये मोजलं जायचं. खालच्या जागांवरचे ते यांत्रिक फेरे थांबले की इम्प्रेशन घटतात आणि उरलेल्यांची सरासरी वर सरकते. घट जवळजवळ सगळी डेस्कटॉपवर आहे, मोबाइलवर नाही; आणि क्लिक जिथे होते तिथेच. यंत्रं क्लिक करत नव्हती.

तुलनेसाठी राखून ठेवलेल्या, हात न लावलेल्या पानांतही अगदी अशीच हालचाल आहे. यापुढे या तारखेच्या अलीकडची आणि पलीकडची इम्प्रेशन शेजारी ठेवायची नाहीत. फक्त क्लिक, आणि फक्त मोबाइल.

२३ सप्टेंबर

स्पॅम अपडेट काल पूर्ण झाल्याचं गूगलने कळवलं. दोन्ही गटांत लक्षात घेण्यासारखं काही नाही.

६ ऑक्टोबर

अंतर्गत दुवे. नवी बिघाड-पानं मेनूत कुठेतरी खोल गाडलेली होती. आता सुईच्या विक्रीपानावरून ‘टाके सुटत असतील तर’ असा दुवा जातो, आणि तिथून परत योग्य सुईकडे. त्यांनी हे आधीपासून केलेलं आहे, फारसं न मिरवता. त्यांच्या साइटवर कुठेही उभं राहिलं तरी पुढचा प्रश्न एका बोटावर असतो.

‘सुई मोडते’ या एकाच विषयावर आपली तीन पानं निघाली, वेगवेगळ्या काळात लिहिलेली. गूगल कधी हे दाखवतं, कधी ते. तिन्हींतलं चांगलं एका पानात आणलं, उरलेली दोन तिकडे वळवली.

२७ ऑक्टोबर

राखीव गट होता तिथेच आहे. बदललेल्यांपैकी ‘टाके सुटतात’ त्यांच्या वर गेलं आणि दोन आठवडे तिथे टिकलं. गुंत्याचं पान पहिल्या पडद्यावर आलं, त्यांच्या खाली. ‘सुई मोडते’ सरकतं आहे, अजून स्थिर नाही. बॉबिनचं पान जुने दुवे परत जोडूनही त्यांच्या जवळपास पोहोचलेलं नाही.

बॉबिनबद्दल मालकांना सरळ सांगितलं. तिथे त्यांचं पान चांगलं आहे, जुनं आहे आणि शिकवणाऱ्यांच्या टिपणांत रुजलेलं आहे. तसाच तक्ता आपण केला तर लोकांनी आपला दुवा का द्यावा, याला माझ्याकडे उत्तर नाही. दुवे विकत घेण्याचा विषय निघाला. गूगलच्या धोरणांत तो स्पॅम आहे, आणि २०१२ च्या पेंग्विन या गूगलच्या अपडेटपासून त्यावर पाळत आहे. नाही. त्यापेक्षा जे त्यांनी केलेलं नाही ते करू: मशीनचं मॉडेल टाका, कोणती बॉबिन लागते ते सांगतो. भागांची ती यादी विक्रीसाठी आपल्याकडे आहेच, फक्त आतल्या कामासाठी पडून आहे.

राखीव गटही आता बदलायला मोकळीक दिली.

१० नोव्हेंबर

‘सुई कोणत्या बाजूने बसवायची’ या शोधाला आता निकालांच्या वरच एआयचं आयतं उत्तर येतं: सपाट बाजू बहुतेक घरगुती मशीनमध्ये मागे. त्याखालच्या निकालांत आपण वर सरकलो, तरी क्लिक तेवढेच. त्यांचेही बहुधा असेच असतील. ज्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात संपतं तिथे झुंजायचं नाही असं ठरलं. ते पान ठीक आहे, तसंच राहू दे. वेळ गुंता, सुटणारे टाके, टायमिंग यांवर घालवायचा, जिथे माणसाला पुढे विचारायचं असतं.

मालकांनी आज पहिल्यांदा विचारलं, "‘दोरा तुटतो’ला आपलं कोणतं पान आहे?" तीन रकान्यांचा तक्ता त्यांच्याकडे सोपवला.

उरलेलं: मॉडेलवरून बॉबिनची यादी डेव्हलपरकडे, तिचा प्रत्येक निकाल स्वतंत्र पत्त्यावर हवा, टॅबमध्ये नको. फिल्टरच्या पत्त्यांची झाडलोट त्यानंतर. औद्योगिक मशीनच्या सुयांची पानं अजून जुन्या साच्यात आहेत. तिथे सुईची प्रणालीच वेगळी, त्यामुळे कारागिराशी बोलल्याशिवाय एकही ओळ लिहायची नाही. तो गुरुवारी मोकळा आहे.